सेनगावपर्यंतचा युरोप

सेनगावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मिना राठोडनं २००७ साली पाठीवर सॅक टाकून, रेल्वेनं, एकटीनंच युरोप फिरायचं ठरवलं. व्हिसाही आला. तिचे वडील थावरा मात्र अडून बसले.

“आपल्या बंजारा लोकांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, पण एकलं कोणी गेलं न्हाई. तू काहून चालली?”

“कोणी गेलं न्हाई म्हणूनच!”

शेवटी थावरानं अट घातली. भरलेली सॅक त्यांच्या तांड्यापासून सेनगावपर्यंत तिनं पायी न्यायची. दुसऱ्या कोणाचा हात लागला की युरोप बाद. एवढं बोलून म्हातारा निर्धास्त झाला, कारण आपल्या भागात ओझंवाल्या बाईला चालू देणं लोकांना जमतच नाही.

झालंही तसंच. जीपवाला थांबला. “मॅडम, बसा की! पैसे मागून राहिलो का?” पुढं एका सायकलवाल्यानं सॅक थेट कॅरिअरवर घ्यायला हात पुढं केला. मिना खेकसली, तसा तो रुसून निघून गेला. खांदे सोलून निघाले, पण तिनं सॅक उतरवली नाही.

सेनगावच्या स्टँडवर थावरा एसटीनं आधीच येऊन उभा होता. घामानं निथळणारी लेक दिसताच तो धावला आणि त्याचाच हात सॅककडं गेला.

मिना झटकन मागं सरकली. “बापू, तुमी बी न्हाई!”

थावरानं ओशाळून हात मागं बांधले.

“तिकडं थंडी लई असती म्हणे. स्वेटर घेतलं का?”