कानस मारल्याशिवाय सही न्हाई

निघोज्यातल्या माझ्या वर्कशॉपमधनं पार्ट घट्ट धरायचे जिग पोलंडला जातात. तिथं ते बसवायला आमचा माणूस नसला, तर ऑर्डर जाणार होती. पण आपली तिथं कंपनी न्हाई. म्हणून तिथलीच एक एजन्सी त्याला कागदोपत्री नोकरीत ठेवणार, पगार-विमा तीच बघणार, काम मात्र आमचं.

सून म्हणाली, "बाबा, माणूस मिळालाय. सही करा."

"कानस मारून दाखवली का त्यानं?"

"अहो, तो पोलंडात आहे!"

"मग पोस्टानं धाडू दे."

मी चौथी शिकलोय, पण लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून हातानं सपाट करून घेतल्याशिवाय आजवर कुणाला कामावर घेतलं न्हाई. एजन्सीवाले हसले. तरी पंधरा दिवसांनी डबी आली. तुकड्याला गुण्याची सरळ पट्टी लावून उजेडाकडं धरला, तर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसंना.

डबीत आणखी एक ओबडधोबड तुकडा होता. सोबतची चिठ्ठी सुनेनं हसत वाचली, "आता मालकांनी करून दाखवावं."

दोन दिवस कानस चालवली, खांदा भरून आला. तुकडा धाडला आणि मगच सही केली. आठवड्यानं त्यानंही केली.