सासूबाईंच्या पायाला बेतलेली फळी

फळीवाल्याच्या कारखान्यात वजनकाटा दारातच असे. कारखाना म्हणजे तरी काय, एक गॅरेज, त्यात दोन सुतारी घोडे, भिंतीला टेकवलेले फोमचे ठोकळे, आणि चहाच्या कपातसुद्धा पडणारा पांढरा भुसा. गिऱ्हाइकाने आधी काट्यावर उभं राहायचं, मग उंची सांगायची आणि मग गप्प बसायचं. समुद्रात उभं राहून वल्हवायच्या फळ्या तो वीस वर्षं बनवत होता आणि ‘माझ्या फळीवरून कोणी पडत नाही’ ही त्याची फुशारकी होती. युक्ती सोपी. माणूस नवखा असला की रुंदी दोन इंच जास्त, वय झालेलं असलं की आणखी दोन.

अशा माणसाच्या दारात एक दिवस त्याच्या सासूबाईच गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहिल्या.

आता सासूबाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी इमारती रंगवल्या होत्या. किनाऱ्यावरच्या निम्म्या इमारतींना बाहेरून त्यांचा हात लागलेला, पण कायम तोंड भिंतीकडे आणि पाठ समुद्राकडे. खाली पोरं लाटांवर स्वार होऊन आरोळ्या ठोकायची आणि ह्यांना मान वळवायची फुरसत नसायची. एकसष्टाव्या वर्षी मोठी कामं त्यांनी भागीदारणीवर सोपवली आणि दुसऱ्याच दिवशी जावयासमोर हजर.

“जावईबापू, मला एक लाट हवी. उभ्याने. थेट वाळूपर्यंत.”

फळीवाल्याने त्यांनाही काट्यावर उभं केलं आणि उंची लिहून घेतली. बायकोने बजावलेलं होतं, “आईला नुसतं खरचटलं तरी गाठ माझ्याशी आहे!” मग काय, जन्मात केली नव्हती एवढी रुंद फळी त्याने केली. चौतीस इंच! पोट सपाट, कडा चौकोनी, शेपूट ऐसपैस. घराचं दार बिजागरीतून काढून पाण्यात टाकलं असतं तरी फार फरक पडला नसता.

खाडीच्या संथ पाण्यात सासूबाई पहिल्याच दिवशी ताठ उभ्या राहिल्या, पलीकडे जाऊन परत आल्या. फळीवाला किनाऱ्यावर नवरदेवासारखा मिरवला. पण लाटांत गेल्या आणि सगळी हौस फिटली. रुंद सपाट फळी पाण्याला चिकटून बसते, पाणी तिरकं झालं की तीही तिरकी. बाजूने हिसका बसला की एक कड वर आणि सासूबाई पाण्यात. मागून लाट आली की ते ऐसपैस शेपूट वर, नाक खाली, सासूबाई पुन्हा पाण्यात. “आई, पाय फाकवा! गुडघे वाकवा!” हा किनाऱ्यावरून ओरडे. त्या फाकवत, वाकवत आणि पडत.

असे आठ रविवार गेले. आठव्या रविवारी त्यांनी फळी वाळूत ठेवली, नाकातोंडातलं पाणी झटकलं आणि म्हणाल्या, “राहू दे, जावईबापू. माझं वय झालं.”

खोटं कशाला बोला, फळीवाल्याला सुटल्यासारखं वाटलं. पण घरी बायकोने त्याला फैलावर घेतलं.

“आई हे कधी म्हणाली नव्हती. बाबा गेले तेव्हा नाही, गुडघा सुजला तेव्हा नाही. तुझ्या फळीने तिला म्हातारी केली!”

“अगं, त्या पडू नयेत म्हणूनच तर मी एवढी रुंद...”

“पडतेय ना पण!”

रात्रभर त्याला तेच एक वाक्य खात राहिलं. हाताखालून शेकडो फळ्या गेल्या आणि घरच्याच माणसाला आपण खचवलं, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली.

बुधवारी तो फळी परत न्यायला सासूबाईंकडे गेला. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत दोन शिड्या, त्यांच्यावर आडवी टाकलेली एक लाकडी फळी, आणि तिच्यावर सासूबाई. रिकामं बसवत नाही म्हणून स्वतःचंच छत रंगवायला काढलेलं. फळी पावलागणिक दबत होती, झोके घेत होती. ह्या मात्र बाजूबाजूने सरकत, ब्रश बुडवत, खांद्याशी फोन धरून भागीदारणीला झापत होत्या, “पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलास तर बघ!” पायांकडे एकदाही नजर नाही. पाय जवळजवळ, एक किंचित पुढे. सगळी हालचाल घोट्यांत, हातातल्या डब्यातला रंग जागचा हलत नव्हता.

फळीवाला बघतच राहिला. मग खुर्चीवर चढला, खिशातून टेप काढली आणि त्यांच्या पायाखालची फळी मोजली. नऊ इंच.

“अहो, आता माझी परांची मापताय की काय?”

“आई, चौतीस वर्षं ह्याच्यावरच उभ्या होतात?”

“मग काय गालिच्यावर? एका शहाण्या कंत्राटदाराने रुंद फळ्या टाकल्या होत्या. पायाला काही कळेचना त्यांच्यावर. मी सरळ खाली उतरले आणि आपली नऊ इंची मागवली.”

फळीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. काट्याला विचारलं, टेपला विचारलं, पण ह्या बाईच्या पायांना काय सवय आहे हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं!

पुढचे अकरा दिवस तो गॅरेजमधून फक्त जेवायला बाहेर आला. नवी फळी अठ्ठावीस इंचांची. कडा गोल, शेपूट निमुळतं, नाक वर उचललेलं. अशी फळी संथ पाण्यात डुगडुगते, नवखा तिला हात जोडतो. पण घोट्याने सांगावं तिकडे ती वळते, आणि हिसका बसला तर पाणी गोल कडांवरून निसटून जातं.

“ह्याच्यावर? माझी आई?” बायकोचे डोळे विस्फारले.

“हो,” तो म्हणाला.

सासूबाईंची मात्र मनधरणी करावी लागली. “एकदाच येते, तुमचं मन राखायला,” म्हणून त्या आल्या. रविवारी सकाळी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. ‘पाय फाकवा’ जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. पहिल्या लाटेला सासूबाई धपकन पडल्या. त्याचं धाबं दणाणलं. तेवढ्यात डोकं वर आलं, आणि बाई चक्क हसत होत्या!

“अहो, ही फळी बोलते माझ्याशी!”

दुसरी लाट आली. सासूबाईंनी चार वल्ही मारली, पाय आपोआप जवळ आले, एक किंचित पुढे सरकला. लाटेने फळी उचलली. निमुळतं शेपूट पाणी धरून राहिलं, नाक वरच राहिलं, आणि बाई उतारावरून सुसाट निघाल्या, उभ्याच्या उभ्या, थेट जावयाच्या अंगावर.

“जावईबापू, बाजूला व्हा!”

तो कसाबसा बाजूला झाला. त्या वाळूपर्यंत गेल्या आणि शिडीवरून उतरावं तशा सहज खाली उतरल्या. फळीवाला पाण्यातच हसत होता, रडत होता, लाज म्हणून नाही त्याला. बायको टॉवेल घेऊन धावत आली आणि आईला घट्ट बिलगली.

सासूबाईंनी लेकीला थोपटलं, टॉवेल बाजूला केला आणि जावयाला विचारलं, “भरती किती वाजेपर्यंत आहे?”

“दोन वाजेपर्यंत.”

“मग जेवायला माझ्यासाठी थांबू नका,” म्हणाल्या आणि फळीचं नाक समुद्राकडे वळवलं.