दोघी सारख्या, बीपी वेगळं

सिस्टरनं माझ्या दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा हवा भरली आणि डॉक्टरांना हाक मारली. "सर, उद्याच्या ऑपरेशनच्या पेशंटचं बीपी एकशे ब्याऐंशी-एकशे दहा येतंय."

पण पेशंट मी नव्हते.

पेशंट होती माझी जुळी बहीण सुमन. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते, म्हणून धानोऱ्याहून तिला चंद्रपूरच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. मी वरोऱ्याहून सोबतीला गेले होते. सुमन बाथरूमला गेली आणि मी तिच्या पलंगावर जरा टेकले, एवढंच. आमचे चेहरे इतके सारखे की लहानपणी आईसुद्धा फसायची.

सुमन दारातूनच ओरडत आली, "ओ बाई, पेशंट मी आहो! थे माही बहीण हाय."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी सुमनचं बीपी घेतलं, ते अगदी नॉर्मल. मग मला शांत बसवलं आणि थोड्या वेळानं दोन्ही हातांवर पुन्हा मोजलं. माझा आकडा काही खाली येईना.

"ऑपरेशन बहिणीचं आहे सुनंदाताई, पण काळजी मला तुमची वाटते," ते म्हणाले.

मला पटेना. मला होत काय होतं? मान भरून यायची, कधी डोकं दुखायचं. माझी वरोऱ्यात एसटी स्टँडजवळ खानावळ आहे. पहाटेपासून गॅससमोर उभं राहणाऱ्या बाईचं डोकं दुखणारच, असं मी धरून चालले होते. बीपी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी सुमन ऑपरेशन थिएटरमध्ये आणि मी माझ्या तपासण्यांच्या रांगेत. ईसीजी झाला. क्रिएटिनिन झालं, म्हणजे किडनी रक्त नीट गाळते का ते सांगणारी रक्ताची तपासणी. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मधूनमधून मी थिएटरच्या दाराशी जाऊन यायचे. दुपारी सुमन बाहेर आली, गुंगीतच म्हणाली, "नंदे, तुहे रिपोर्ट आले का वो?" तेव्हा मला रडू आलं.

किडनी ठीक होती. हृदयाची डावी भिंत मात्र थोडी जाड झाली होती. जास्त दाबानं रक्त ढकलून ढकलून तसं होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, एसेन्शियल हायपरटेन्शन. एखादं एकच कारण हाती लागत नाही असं वाढलेलं बीपी.

आमचे बाबा बीपीनंच गेले. सकाळी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उभे होते, दुपारी एक बाजू लुळी पडली. आजोबांचंही असंच झालं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "आमच्या घराण्यातच हाय सर. रक्तातच हाय तर गोळी खाऊन का होणार?"

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मग तुमच्या बहिणीला का नाही? जनुकं तर दोघींची एकच."

मी सुमनच्या पलंगाकडे पाहिलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. जनुकं म्हणजे शरीर कसं चालवायचं याच्या आईबापांकडून आलेल्या सूचना. बीपीला एकच जनुक कारण नसतं, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. आणि या सूचनांवर रासायनिक खुणा बसतात. सूचना तीच राहते, पण शरीर ती किती पाळणार हे खुणांवर अवलंबून असतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. खाणं, झोप, ताण, तंबाखू, आईच्या पोटात झालेलं पोषण, या सगळ्यांनी खुणा बदलू शकतात.

मग आई सांगायची ते आठवलं. जन्मली तेव्हा सुमन चांगली धडधाकट होती आणि मी मूठभर. पुढं ती धानोऱ्यात शेतात, रानात चालत राहिली, दिवे लागले की जेवून झोपत राहिली. मी दिवसभर भाज्यांचं मीठ चाखत, उरलेल्या पापड-लोणच्यावर भागवत, अर्धवट झोपेत जगले.

"म्हणजे यामुळंच झालं?" मी विचारलं.

"वाटा असू शकतो. मीठ तर थेटही बीपी वाढवतं. कशाचा वाटा किती, हे अजून कोणाला नेमकं सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांचं हे 'सांगता येत नाही' मला फार आवडलं. तिथंच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गोळी सुरू झाली. पहिल्या गोळीनं पाय सुजले. मी ती मनानं बंद केली नाही, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दुसरी दिली. माझ्यासारख्या कोणी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते, गोळी आपल्या मनानं सोडू नका.

पहाटेच्या कामाला एक बाई ठेवली. भाजीतलं मीठ हळूहळू कमी केलं. एक कंडक्टर रोज जेवायला येतात. ते म्हणाले, "बाई, भाजी अळणी काऊन लागून राह्यली?" मी टेबलावर मिठाची वाटी ठेवली. आठ-पंधरा दिवस त्यांनी ती वापरली, मग विसरले.

माझं बीपी उतरलं. मान हलकी झाली.

दिवाळीनंतर चार दिवस सुमनकडे राहिले. तिथल्या उपकेंद्रात दोघींनी बीपी मोजलं. माझं छान निघालं. सुमनचं या वेळी काठावर होतं. तिचा चेहरा उतरला.

"मलेबी बाबासारखं होईन का वो?"

"नाई होत. बाबाचं बीपी आधी कोणी मोजलंच नव्हतं. तुहं मोजलं ना आता!"

घरी आल्यावर तिनं पानात वाढलेलं लोणचं परत बरणीत घातलं, आणि त्या खारट बोटानं माझ्या लेकीला फोन लावला. लेक पुण्यात नोकरी करते. मी हा विषय तिच्याकडे काढायला घाबरत होते. आपणच तिला हे दिलं, असं मनात खात होतं. सुमननं मात्र सरळ विचारलं, "पोरी, तू बीपी मोजते का नाई?"

पलीकडून लेक हसून म्हणाली, "मावशी, आईचं कळलं तेव्हापासून मोजते. कालच मोजलं. नॉर्मल आहे. आईला सांग."

सुमननं फोन माझ्या कानाला लावला. सांगायचं काही उरलं नव्हतं, तरी आम्ही तिघी कितीतरी वेळ बोलत बसलो.