ओळीच्या तोंडाशी ठेवलेला अर्धविराम

आमचे जुने प्रोग्रामर रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच हातची कोडची फाइल उघडून बसलो होतो. महिना झाला. दुःख आहेच, पण राग उतरत नाही... ऑफिसातल्या शोकसभेत आमचे सर म्हणाले, "माणूस हिरा. पण अर्धविराम न देण्याच्या हट्टापायी सिल्लोडच्या कापूस जिनिंगचं, गाड्यांना नंबर देणारं टोकनचं वेबपान बंद पाडलं होतं त्यांनी." मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून काहीही बोलायचं?

जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत कोड लिहिणारे बहुतेक जण प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम देतात. रफिकभाई देत नसत. ओळ संपली की विधान संपलं, हे मशीनला बहुधा कळतं. पण पुढची ओळ कंसानं सुरू झाली, तर ते दोन्ही ओळी एकच धरून वाचतं आणि अडतं. म्हणून तेवढ्याच ओळींच्या तोंडाशी भाई एक अर्धविराम ठेवत. ह्याला हट्ट म्हणतात? ही शिस्त होती.

मी फर्दापूरचा, घरातला पहिला पदवीधर. तेव्हा नोकरीला आठवडा झालेला. भाईंच्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीलाच अर्धविराम दिसला, वाटलं, म्हातारा चुकला. पुसून टाकला. विचारायला कमीपणा वाटला! दुसऱ्या दिवशी टोकन निघेनात, कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर आली, आणि सरांनी भाईंना सगळ्यांदेखत झापलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्धविराम परत ठेवला. मी माझ्या स्क्रीनकडं बघत बसलो.

कुठला बदल कुणी केला, हे फाइलच्या इतिहासात नावानिशी असतं. सरांनी तो उघडलाच नाही. भाईंनी उघडला होता. टपरीवर एवढंच म्हणाले, "मियाँ, ओळीच्या शेपटीकडं काय बघतो? तोंडाकडं बघ. कंस दिसला की आधी खूण ठेव. बस, हो गया."

"भाई, सरांना सांगू का..."

"नवी नोकरी हाय तुझी. चहा पी."

आणि मी प्यालो!

शोकसभेत मात्र उठलो. "सर, तो अर्धविराम मी पुसला होता."

"जाऊ दे, आता काय उपयोग?"

"उपयोग नाय. पण त्यांचं नाव घेऊ नका."

ती फाइल आता माझ्याकडं आहे. अर्धविराम परत ठेवताना भाईंनी शेजारी लिहिलंय, "मुद्दाम ठेवलाय. काढण्याआधी विचारा." इतिहासात त्यापुढं त्यांचं नाव. त्याच्या आदल्या बदलापुढं माझं. इतिहासातलं नावही पुसता येतं, मला आता ते जमतं. पुसणार नाय.