गाऱ्हाण्याची फाईल

जुन्या लॅपटॉपची बिजागरी मोडली होती. स्क्रीन मागे कलंडू नये म्हणून मी तिला बिस्किटांच्या डब्याचा टेकू द्यायचो. तरी तो मला सोडवत नव्हता, कारण त्यात काय कुठे आहे हे मला, एकट्या मलाच, माहीत होतं. पण गणपती जवळ आले आणि आईनं नेहमीप्रमाणे घर आवरायला काढलं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत नवीन आलं की जुनं गेलंच पाहिजे, आणि गणपतीच्या आधी तर भंगार घरात ठेवायचंच नाही, हा तिचा कायदा. नवीन लॅपटॉपचा खोका दिसल्या दिसल्या तिनं जुन्याकडे बोट केलं. "ह्या धूड गणपती येवच्या आधी घराभायर जाऊक व्हया," म्हणाली. संपलं. आमच्या घरात यावर अपील नाही.

मग मी दोन्ही लॅपटॉप जमिनीवर शेजारी शेजारी मांडून बसलो. मी माझगावला एका कंपनीत हिशेब बघतो. आकडे म्हणाल तर पाठ, पण ही भानगड मला झेपेना. फाईली आणि सेटिंग नव्या मशीनवर नेणारा एक प्रोग्राम होता, तो एकामागून एक प्रश्न विचारत सुटला. हे न्यायचं का? ते न्यायचं का? हे आधीच आहे, त्यावर लिहू की दोन्ही ठेवू? अरे बाबा, मला काय ठाऊक! मी कुठे होय, कुठे नाही करत गेलो. डी ड्राइव्ह न्यायचा का विचारल्यावर नाही म्हटलं, कारण तिथे नुसती गाणी आणि पिक्चर भरलेत अशी माझी समजूत. तासाभरानं नवा लॅपटॉप उघडला तर काय, जुनाच समोर बसलेला! तोच कोकणातल्या समुद्राचा फोटो, त्याच जागी तेच आयकॉन. कुठल्या जमान्यातलं विजेचं बिलसुद्धा आलं होतं. मराठी टायपिंग मात्र गायब. नको ते सगळं आलंय, आणि हवं ते? मला काही कळेना.

मला खरं तर एकाच गोष्टीची काळजी होती. बाबांच्या आवाजाची.

पावसाळा लागायच्या सुमारास बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "माझा गाऱ्हाणा भरून ठेव." त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं. मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू करून तो त्यांच्यापुढे धरला, ते हात जोडून बसले आणि देव समोर असल्यासारखं त्यांनी सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत घातलं. मधे एकदाच थांबले, खोकला आला म्हणून.

मालवणी घरात हे नवीन नाही. गणपती बसला, आरती झाली, की घरातला मोठा पुरुष देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो. गावच्या देवांची आठवण काढतो, चुकलंमाकलं पोटात घालायला सांगतो, कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, एकेक देवाच्या कानावर घालतो. आणि प्रत्येक मागणं संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज गिरणीतला. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं गाऱ्हाणं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

गिरणी संपाच्या वर्षी मी सातवीत होतो. त्या वर्षी आमच्याकडे मोदकांऐवजी गूळखोबरं होतं. बाबा देवापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गिरणी बंद पडली हा, ती चालू कर रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाबा तोवर एका सोसायटीत वॉचमन झाले होते, तरी मागणं मागायचे. शेवटी एका वर्षी ते वाक्य आपोआप गळलं. मी मनातल्या मनात चिडलो होतो, देवावर की बाबांवर हे मला अजून सांगता येत नाही.

तर ती रेकॉर्डिंगची फाईल. गणपतीपुढे बाबांना सहज लावता यावी म्हणून मी तिचा आयकॉन स्क्रीनवर मधोमध ठेवला होता. नव्या लॅपटॉपवरही तो मधोमध दिसला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. बाबा झोपले होते म्हणून वाजवून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप दादरच्या दुकानदाराला दिला. त्यानं माझ्यासमोर सगळं पुसलं. मीच वर म्हणालो, "नीट पुसा हां, काही राहायला नको."

चतुर्थीच्या आदल्या दुपारी मखर बांधून झालं. बाबा बोलायचं ते पाटीवर लिहायचे. त्यांनी लिहिलं, "लाव. आवाज पुरता काय बघ." मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि आयकॉन दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. एक खिडकी उघडली, ही वस्तू सापडत नाही म्हणे. सापडत नाही म्हणजे? ही काय माझ्या डोळ्यांसमोर आहे की! मी पुन्हा दाबलं, बंद करून चालू केलं, पुन्हा दाबलं. आयकॉनच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. बायको वाकून बघत होती, ती हळूच म्हणाली, "अहो, हा नुसता शॉर्टकट आहे, फाईलकडे जायचा रस्ता. फाईल दुसरीकडे होती."

डी ड्राइव्ह! रेकॉर्डिंग तिथे गाण्यांतच जाऊन बसलं होतं. माझ्या डोक्यात घणच बसला. कपाळ माझं! तसाच चपला घालून दादरला पळालो. दुकानदार म्हणाला, "काका, तो तर त्याच दिवशी गेला. आणि असता तरी काय, पुसलाय ना." मी त्याला काय काय बोललो ते आठवत नाही. चांगलं नक्कीच बोललो नसणार.

घरी आलो तर बाबा तसेच बसलेले. मला वाटलं होतं, काहीतरी थाप मारू. ते तोंडातून निघेना. म्हटलं, "बाबा, गेलं ते. माझ्याकडून गेलं." त्यांनी पाटी घेतली, पुसली, खडू उचलला. मला वाटलं, आता शिव्या येणार, आणि याव्यात असंही वाटत होतं. त्यांनी लिहिलं, "तू घाल."

"मी?" मी उडालोच. "मला कुठे येतंय?"

खरंच येत नव्हतं. ते ऐकण्यात माझा जन्म गेला होता, पण मला पाठ काय होतं? तर व्हय म्हाराजा. आईला विचारलं, तिलाही तुकडे तुकडेच आठवत होते, ते पुढचे मागे आणि मागचे पुढे. चाळीत गाऱ्हाणं घालणारे दोघंतिघं होते, ते सगळे गणपतीला गावी गेलेले. आम्ही नेमके इथे, गावच्या घरात आता आमचा वाटा नाही म्हणून. रेकॉर्डिंग माझ्याकडे दोन महिने होतं. मी एकदा बसून ते ऐकलं असतं तर? पण ऐकायचं कशाला, भरून ठेवलंय की!

चतुर्थीला आरती झाली. खोलीत आम्ही चौघं. बाबा भिंतीला टेकून उभे, गळ्याला पांढरा रुमाल. मी हात जोडले आणि घसा खाकरला.

"बा गणपती देवा म्हाराजा, आज ह्या मोडक्यातोडक्या सेवेचो..." इथे अडकलो. मग म्हणालो, "ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई आणि बायको म्हणाल्या. अगदीच चिमणा आवाज. मी गावच्या देवांची नावं घेतली, त्यातली दोन विसरलो. चुकलंमाकलं पोटात घाल म्हणालो. पुढे काय? पुढे काही आठवेना. मान वर करायची हिंमत नव्हती. घामानं डोळे चुरचुरत होते आणि मागे सगळे वाट बघत थांबलेले. मग जे तोंडात आलं ते म्हणालो.

"माझ्या बापाशीक बोलूक येऊंदे रे म्हाराजा."

मागून आवाज आला नाही. मी वळून बघितलं. आईनं पदर तोंडात धरला होता, बायको खाली बघत होती. बाबांचे हात जोडलेले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते, व्हय म्हाराजा.