लालबागच्या चौकीतला बाक

पोलीस सुधारत आहेत की नाहीत, हे बघण्याचा मला पगार मिळत असे. संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. बाहेर मोर्चे निघत होते, लाठ्या चालत होत्या, आणि खात्याच्या कचेरीत आम्ही दोन कारकून चौक्या तपासून येऊन, एका टेबलाशी बसून पोलिसांच्या सौजन्याची मासिक प्रगती काढत होतो. आज सांगितलं तर लोक हसतात. तेव्हा ती पेन्शनची नोकरी होती.

सुधारणा एका बड्या साहेबांच्या डोक्यातून निघाल्या होत्या. साहेब मराठी नव्हते, पण मनाने चांगले होते. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला चौकीत ताटकळत उभं ठेवतात, हे त्यांना खटकलं. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक चौकीत नागरिकांसाठी एक बाक ठेवावा, आलेल्याला त्यावर बसवावं, आणि इथल्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याचं स्वागत करून त्याला निरोप द्यावा. हुकुमाचं मराठी करायचं काम आमच्या हेडक्लार्ककडे आलं. हे गृहस्थ गिरगावातले, घरी रोज पान मांडून पाहुण्याची वाट बघणारे. त्यांनी सरळ लिहून टाकलं: आल्यावर ‘या, बसा’ म्हणावे, आणि निघताना ‘या पुन्हा’ म्हणावे.

आपल्याकडे जाणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही, आणि जाणाराही ‘येतो’ म्हणूनच उठतो. पण ते घरात. पाकीट मारलं गेलेला माणूस कसाबसा तक्रार देऊन सुटतोय, आणि दारात हवालदार काखेत दंडुका धरून त्याला ‘या पुन्हा’ म्हणतोय! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत मोठी झालेली माणसं ती. परळचे एक दुकानदार एवढे हादरले की दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला आले. चौकीने ‘नागरिक पुन्हा आले’ असं कळवलं आणि आम्ही ते प्रगतीत धरलं. निरोपाला नागरिकाने ‘येतो’ म्हणून उत्तर दिलं का, असाही एक रकाना तपासणीच्या कागदावर होता. तो मात्र प्रत्येक चौकीचा कोराच येई.

घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “पोलीसचौकीला ‘येते’ कोण म्हणेल? काहीतरीच मेलं!”

अशात माझ्या धाकट्या भावाला लालबागच्या मोर्चात पकडलं. तो कॉलेजात होता, आणि त्याची घोषणा आमच्या फणसवाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाई, त्यामुळे तो कधीतरी आत जाणार हे चाळीला ठाऊकच होतं. मला राग आला. थोडा त्याचा, जास्त खात्याचा. आईने रागावण्यात वेळ घालवला नाही. मोर्चावर लाठी चालली होती, पोराला कुठे लागलंय हे कुणी सांगत नव्हतं, आणि तिला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

वडील गेलेले, घर माझ्या पगारावर. तपासणाऱ्याचाच भाऊ सत्याग्रहात सापडला, हे वर कळतं तर मला घरी बसवायला वेळ लागला नसता. आमचं आडनाव असं की गिरगावात दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या चौघांना लागावा, म्हणून अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं एवढंच. आईने जेवताना बजावलं, “मी उद्या लालबागला जाऊन येते. तुझी तपासणी नेमकी तिथे असली तर तू मला ओळखायचं नाहीस. एक आत आहे तेवढं पुरे झालं.”

तपासणी नेमकी तिथेच होती. मी ट्रामने पोचलो तेव्हा अधिकारी सगळे बंदोबस्ताला गेले होते. एक शिपाई तेवढा होता, नायगावच्या पोलीस वस्तीत राहणारा, आणि तो हात जोडून माझ्या आईची विनवणी करत होता.

“बसा की हो बाई. मोकळाच हाय बाक.”

“मी उभी बरी आहे.”

मला बघून त्याचा चेहरा उतरला. बाक रिकामा आणि नागरिक उभा, म्हणजे वाईट शेरा, आणि वाईट शेरा म्हणजे त्याची गणपतीची रजा गेली.

“साहेब, तुमीच बघा. सकाळपास्नं सांगतोय. भेट मागत्यात, ती काय मिळत न्हाई. मग बसत बी न्हाईत.”

मी माझ्या आईला विचारलं, “बाई, आपण बसत का नाही?”

“माझा मुलगा आत आहे, साहेब. तो बसलाय का, ते आधी विचारा यांना.”

शिपायाने कोठडीकडे बघितलं. आत सत्याग्रही दाटीवाटीने उभे होते. “जागा न्हाई बाई. पाळीपाळीनं टेकत्यात.”

“मग त्याची पाळी आली की सांगा. तोवर मी काही बसत नाही.”

शिपाई विचारात पडला, आणि त्याने तो विचार मोठ्याने केला. “भेटीला मनाई हाय. बसवायचा हुकूम हाय. बाई बसायच्या तर पोरगं बसाया पायजे.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. त्याने किल्ली काढली, भावाला बाहेर आणलं आणि नागरिकांच्या बाकावर बसवलं.

कपाळाला कुणाचा तरी रुमाल बांधलेला, एक डोळा सुजलेला, बाकी धड होता. मला बघूनही तो गप्प राहिला. जन्मात पहिल्यांदाच. आई त्याच्याशेजारी बसली. डोक्यावरून, खांद्यांवरून, कोपरांवरून हात फिरवून तिने सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि पिशवीतून लाडू काढले. तो खात होता, ती बघत होती, आणि मी हातभर अंतरावर कागद धरून उभा होतो. त्या बाकावर तिसऱ्याला जागा होती. मला तिथे जाऊन बसायचं होतं. मी लिहिलं: नागरिक बसले, होय.

लाडू संपले. भाऊ आत गेला, कुलूप लागलं, आई उठली. पदर सावरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

“तुम्हीसुद्धा उन्हातान्हाचे फिरताय, साहेब. घरी आई असेल ना?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग आज वेळेवर घरी जा. तिला तुम्हीही दिसायला हवे असाल.”

मी हातातले कागद सारखे केले. तेवढ्यात शिपायाला हुकूम आठवला. तो टाचा जुळवून ताठ झाला आणि म्हणाला, “या पुन्हा.”

आई पायरीवर थांबली. मागे वळून तिने एकदा कोठडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं.

“येते,” ती म्हणाली.

“साहेब, ऐकलंत?” शिपाई हरखून म्हणाला. “आजवर कुनी म्हनलं नव्हतं. लिवा की!”

मी त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. त्या महिन्यात प्रगतीत लालबाग पहिलं आलं.