माझ्या अंगठ्याला डावणी

माझी पोरगी नाशकात गंगापूर रोडला राहून इंजिनिअरिंग करते. घरी निफाडला आली का कॉम्प्युटरला द्राक्षाची पानं ओळखायला शिकवायची. हे चांगलं पान, हे डावणी रोगाचं, असे ढीगभर फोटो दाखवायचे, मंग तो आपोआप रोग वळखतो. फोटो काढायचं काम माझ्याकडं.

शुक्रवारी रडकुंडीला आली. "पप्पा, सोमवारी सरांना दाखवायचंय. तुमच्या फोटोंवर सगळं बरोबर सांगतो, आणि शेजारच्या बागेत मी काढलेल्या फोटोंवर येड्यासारखं करतो. डावणीनं भरलेलं पान, तरी म्हणतो चांगलं!"

मला कुठं दम निघतोय. वाचता येत नाय, म्हनून मोबाईलच्या माईकमदी बोललो, "कॉम्प्युटर दुसऱ्याच्या बागेत का चुकतो?" लय मोठमोठ्या लोकांचे इंग्रजी लेख आले. मराठी करून वाच म्हनलं, तर मोबाईलमधली बाई असलं मराठी बोलली का इंग्रजीच बरं वाटाया लागलं.

चौथ्या का पाचव्या ठिकानी कुनीतरी हाच सवाल विचारलेला. खाली जवाब: फोटोतला एकेक भाग झाका आन परत विचारा. जे झाकल्यावर उत्तर बदलंल, कॉम्प्युटर तेच बघतोय.

हे मला कळलं! छाती फुगवून पोरीला बोलावलं.

तिनं एका रोगट पानावर काळा चौकोन टाकला. पान सगळं झाकलं. कॉम्प्युटर म्हनतो, डावणी.

"पानच नाय, तर याला डावणी दिसली कुठं?" मी म्हनलं.

मंग तिनं कोपऱ्यातला माझा अंगठा झाकला. कॉम्प्युटर म्हनतो, चांगलं.

तवा माझ्या ध्यानात आलं. डाग नीट दिसावे म्हनून रोगट पानं मी तोडून, हातात धरून फोटो काढलेले. चांगलं पान कोन तोडतंय? ते वेलीवरच. बिचारा कॉम्प्युटर इतके दिवस माझा अंगठाच शिकला.

"मम्मी, पप्पांना डावणी झालीय!"

"मला लग्नापासून शंका होती," चुलीकडून आवाज.

शनिवार-रविवार दोघांनी रोगट पानांचे फोटो परत काढले, वेलीवरच. हात खिशात घालून फिरत होतो मी. रविवारी सांजच्याला नव्यानं शिकून शेजारची पानं कॉम्प्युटरनं बरोबर सांगितली, तवा पोरगी जेवली.

सोमवारी तिचा फोन आला. "पास! पण सरांना अंगठाच जास्त आवडला. पुढच्या वर्षीच्या पोरांना तो फोटो दाखवणार आहेत, असं करू नका म्हणून."

मी म्हनलं, "आदी सांगायचं ना गं. नखं तरी कापली असती."